डार्विनचा जूनमधला पाऊस

१

१९८५ सालच्या दसऱ्याला सकाळी बॅरी डनलीने आपल्या शेडचं कुलूप काढलं, तर आत कुणीतरी पूजा मांडून ठेवली होती.

विश्राम केळशीकरच्या टेबलावर कॉम्प्युटर, त्यापुढे ‘रेड डर्ट’ या नव्या गेमच्या सगळ्या फ्लॉपी डिस्क ओळीने मांडलेल्या, आणि सगळ्यांवर हळद, कुंकू, अक्षता. फ्लॉपीच्या वेष्टनाला एक छोटी खिडकी असते, तिथूनच मशीन ती वाचतं. नेमक्या त्याच खिडक्या भरून गेल्या होत्या. ड्राइव्हच्या तोंडातही कुंकू होतं. बॅरीने घाबरून एका डिस्कवर फुंकर मारली आणि ती आत सरकवली. आतून खरखर आवाज आला. दीड वर्षाच्या कामाची माती झाली होती.

शेड म्हणजे मेलबर्नच्या डँडेनॉन्ग उपनगरातल्या डनली टॉइज या खेळणी कंपनीचा स्वतःचा गेम स्टुडिओ. कामाची एकही डिस्क शेडबाहेर जायची नाही, सगळं पोलादी कपाटात, हा तिथला कडक नियम. त्यामुळे दुसरीकडे कुठे कॉपी असण्याचा प्रश्नच नव्हता. किल्ल्या पाच जणांकडे. पण त्या पाचांचा विचार करायची गरज कुणाला वाटली नाही. आदल्या वर्षी विश्रामने याच टेबलावर दसऱ्याची पूजा केली होती आणि तिचा फोटो भिंतीवर लटकत होता.

“मी पूजा केलेली नाही,” विश्राम म्हणाला. “माझे काका वारलेत. मला सुतक आहे. सुतकात पूजा करत नाहीत.”

“म्हणजे नियम आहे,” बॅरी म्हणाला. “नियम लोक मोडतात, मेट.”

दुपारच्या जेवणाआधी विश्रामची नोकरी गेली. मेलबर्नमध्ये गेम बनवणारे लोक ते किती! आठवड्याभरात सगळ्यांना कळलं की एका इंडियनने मशीनमध्ये पावडर ओतली. त्याला कुणी दारात उभं करेना. मागून त्याला ‘पावडर’ म्हणायला लागले. तो डबे बनवण्याच्या कारखान्यात शिफ्टला जायला लागला आणि घरात कॉम्प्युटर ठेवेनासा झाला.

विश्राम माझा धाकटा भाऊ. मी मेधा वर्तक, सिडनीला कॅसल हिलमध्ये राहते, युनिमध्ये इतिहास शिकवते. तीन वर्षं मी दात धरून होते. १९८८ साली डनलीने शेडच्या दहा वर्षांचा इतिहास लिहून घ्यायचं ठरवल्याचं कानावर आलं. एका बिस्किट कारखान्याचा इतिहास मी पूर्वी लिहिला होता, तो दाखवून मी ते काम मागून घेतलं. लग्नानंतरचं आडनाव कधी नव्हे ते उपयोगी पडलं.

शेडच्या इतिहासाशी मला काही देणंघेणं नव्हतं. मला माणूस हवा होता.

२

बॅरी साठीचा, लालबुंद तोंडाचा आणि मनाने सरळ गृहस्थ निघाला, त्याचाच मला जास्त राग आला. दुष्ट माणसाने भावाला हाकललं असतं तर एकवेळ समजलं असतं. याने केवळ आळसाने हाकललं होतं.

“सेव्हन्टी-एटमध्ये इथे क्रिकेटच्या बॅटी रचलेल्या होत्या,” तो सांगू लागला. “मी म्हटलं, लाकूड संपलं, आता बॅटरी. आधी दिवे लुकलुकणारं हातातलं क्रिकेट काढलं. मग कॅसेटवरचे गेम. बाकीचे बाहेरून विकत घ्यायचे. मी आपल्या छपराखाली बनवले.”

“आणि ‘रेड डर्ट’?”

त्याचा चेहरा उजळला. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विनजवळच्या गुरांच्या स्टेशनचा, म्हणजे अफाट पसरलेल्या कुरणांचा गेम. उन्हाळ्यात पाणी शोधायचं, नदीला पूर यायच्या आत गुरं उंचावर न्यायची, मगरी चुकवायच्या. शेडने केलेल्या गेममध्ये सगळ्यात जास्त खपलेला.

“नासधुशीनंतर तो शिरीष परचुरेने पुन्हा लिहिला म्हणे. पण मूळचा त्याचा नव्हता ना?” मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“मूळच्या त्या माणसाचं, पूजावाल्याचं, नाव पुस्तकात नको,” बॅरी म्हणाला. मग तोच पुन्हा बोलायला लागला. “गुड ब्लोक, चांगला माणूस. गेम बाहेर पडला की शेड त्याच्या हातात देणार होतो. टेबलावर चढून सगळ्यांना सांगितलं होतं मी.”

मग त्याने मला दोन फोटो दाखवले. एक आदल्या वर्षीचा, भिंतीवरचा. दुसरा विम्यासाठी काढलेला, त्या सकाळचा.

“गंमत सांगू? एटी-फोरला त्याने ही पूजा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात केली. पुढच्या वर्षी मी त्याच तारखेला कॅमेरा घेऊन हजर. काहीच नाही! मी त्याला म्हटलं, मेट, तू तुझा ख्रिसमस विसरलास का? तो नुसता हसला. आणि मग महिना संपत आल्यावर हे.”

मी मान डोलावली. त्या वर्षी अधिक महिना आला होता, दसरा जवळजवळ तीन आठवडे पुढे गेला होता. हे बॅरीला कोण सांगणार!

दुसरा फोटो मी खिडकीशी नेऊन पाहिला. प्रत्येक डिस्कवर आधी हळदीचं बोट ओढलेलं, त्यावर कुंकू, आणि अक्षतासुद्धा कुंकवात भिजवलेल्या. नासधूसच करायची तर मूठभर लाल पूड फेकून भागलं असतं. पण या माणसाने पाप करतानाही रीत सोडली नव्हती.

हा हात आपल्यातल्याच कुणाचा तरी होता.

३

शेडमध्ये ‘आपल्यातले’ म्हणजे तिघे. फ्रेडा डाबरे चित्रं काढायची. गुरं, मगरी, नदी सगळं तिचं. व्हॅलेंटाइन तुस्कानो गेम खेळून चुका शोधायचा. दोघं वसईचे ख्रिश्चन. तिसरा शिरीष परचुरे, पुण्याचा. पूर्वी गेमला आवाज द्यायचा, आता शेडचा प्रमुख.

फ्रेडाने माझं नाव ऐकलं आणि लगेच मराठीत घुसली. शेडच्या छोट्या किचनमध्ये तिने मला चहा दिला.

“विश्रामचं लिहिणार असशील तर बोलते. नाहीतर क्रिकेट गेमची स्टोरी घे आणि जा.”

“बोल,” मी म्हटलं.

“त्याचे काका गेले ना, तार आली, तेव्हा मी आणि व्हॅलेंटाइन त्याच्या घरी गेलेलो. मी पिठलं-भात नेलेला. माझी मम्मी न्यायची वसईला, शेजारच्या हिंदूंकडे कोणी गेलं की. त्याने सोत्ता सांगितलं, यंदा दसरा नाही, पूजा नाही. मी म्हटलं, म्हणजे पेढे पण नाहीत? रडता रडता हसला बिचारा.”

“हे बॅरीला सांगितलं नाहीस?”

“सांगितलं की! तो बोलला, हॅबिट असते, केलं असेल. मग मी गप्प बसले. मला जॉब हवा होता.” तिने कप जोरात ठेवला. “तू मनात काय बोलतेस ते कळतंय मला. बोल खुशाल.”

पिठलं-भात नेणाऱ्या बाईला शिव्या देणं मला जमलं नाही.

“शिरीषही आला होता काकांसाठी?”

“तो कुठे होता इथे! डार्विनला गेलेला, दुकानवाल्यांना गेम दाखवायला. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी आला. त्याला काय माहीत!”

चहा संपता संपता तिने सगळ्या गेमच्या गमती सांगितल्या. त्यातली एक अशी. विश्रामने ‘रेड डर्ट’ लिहिला तेव्हा मेमध्ये उकाडा आणि जूनमध्ये पाऊस पाडला. कोकणातल्या केळशीचा माणूस, त्याला दुसरं सुचणार काय! डार्विनला पाऊस येतो डिसेंबरात. जूनमध्ये तिथे थेंब पडत नाही. व्हॅलेंटाइन पूर्वी डार्विनला वायरमनचं काम करायचा, त्याने सप्टेंबरमध्ये ही चूक पकडली.

“शेडभर हसलो आम्ही. शिरीष तर खुर्चीवरून पडायचा बाकी होता. विश्रामने त्याच दिवशी दोन्ही वर्षांचा पाऊस दुरुस्त केला.”

“दोन्ही वर्षांचा?”

“गेममध्ये दोन वर्षं आहेत ना. दुसऱ्या वर्षापर्यंत पोचतोय कोण! मगरी खातात. पण डार्विनचे काही लोक पोचतात आणि फोन करतात आम्हाला. बोलतात, अहो, सेकंड इयरला जूनमध्ये पूर कसा?”

मी कप खाली ठेवला. “आत्ताच्या गेममध्ये? बाजारातल्या?”

“हो. शिरीष बोलला, कॅसेटी छापून झाल्या, राहू दे.”

४

पार्किंगमध्ये व्हॅलेंटाइन माझ्या गाडीला टेकून उभा होता.

“विचार करताना विश्राम असंच कपाळ चोळतो,” तो म्हणाला. “तू मेधाताई. सिडनीची.”

सगळं मुसळ केरात जातं की काय असं वाटलं. मग मी उलटच घेतलं त्याला. “तुझ्याकडे पण किल्ली होती. शेड तुलाही हवी होती.”

“हवी होती. का नको?” तो चिडला नाही. “पण ताई, त्याला सुतक आहे हे मला ठाऊक होतं. त्याला अडकवायला मी पूजा मांडीन का? चहा सांडला असता डिस्कवर. सोपं काम.”

हे मलाही पटलेलंच होतं. सुतक माहीत असणाऱ्याने असा पुरावा मांडला नसता, मग तो व्हॅलेंटाइन असो की फ्रेडा. मी त्याला फोटोतल्या हळदीबद्दल सांगितलं, बॅरीच्या चुकलेल्या तारखेबद्दल सांगितलं. तो बुटाने खडी उकरत राहिला.

“ऑगस्टमध्ये शिरीषला साउंड घालायला एक कॉपी दिलेली,” शेवटी तो म्हणाला. “त्याच्या टेबलावर चालू होती दोन-तीन आठवडे. मग कोरी करून त्याने माझ्या हातात आणून दिली. दुसरी काढून घरी नेली असेल तर? पण तीन वर्षांनी प्रूव्ह कसं करणार तू?”

“ऑगस्ट म्हणजे चूक सापडायच्या आधी.”

“हो. मग?”

“मग तूच करशील प्रूव्ह,” मी म्हटलं. “तुला ‘रेड डर्ट’चं दुसरं वर्ष गाठता येतं का?”

“मला?” व्हॅलेंटाइन हसला. “मगरी ओळखतात मला.”

५

शिरीष परचुरेने मला काचेच्या केबिनमध्ये बसवलं, खुर्ची पुढे केली, पुण्यात कुठल्या शाळेत होतात वगैरे विचारलं. शनिवारी शेडच्या दहाव्या वाढदिवसाला बॅरी त्याला कंपनीत भागीदार करून घेणार होता. माणूस दिसायला, बोलायला लोभस. मला त्याचा गळा धरावासा वाटत होता. मी पेन धरलं.

“‘रेड डर्ट’ तुम्ही वाचवलात. कसा, ते वाचकांना सांगा ना.”

“वाचवला कसला, पुन्हा लिहिला. पहिल्या ओळीपासून. पाच महिने झोप नाही.”

“जुनं थोडंफार तरी हाताशी असेल?”

“एक ओळसुद्धा नाही. सगळं डोक्यातून.”

“ती पूजा पाहून काय वाटलं तुम्हाला?”

“वाईट वाटलं. विश्राम हुशार होता, पण हे खूळ. त्याच्यापुढे मी काय बोलणार! दरवर्षी करायचा, त्या वर्षीही करणारच.”

“पण त्याला सुतक होतं म्हणे.”

“ते मला नंतर कळलं हो. त्याला काढल्यावर. आधी माहीत असतं तर...”

पंख्याखाली टेबलावरचे कागद फडफडत होते, त्यांवर त्याने हात ठेवला.

“तर?” मी विचारलं.

“तर भेटायला गेलो असतो. काका वारले म्हणजे...”

“बरोबर आहे,” मी म्हटलं आणि वही मिटली.

६

शनिवारी दुपारी शेडमध्ये सॉसेजचा धूर, बिअर आणि शे-सव्वाशे माणसं. भिंतीशी मोठा टीव्ही लावून ‘रेड डर्ट’ सुरू होता. बाजारातलीच कॅसेट, माझ्या सांगण्यावरून बॅरीने स्वतः पाकीट फोडून घातलेली. पोरंटोरं एकामागून एक मगरींच्या तोंडात जात होती. मग व्हॅलेंटाइन बसला.

त्याच्या भोवती गर्दी जमली. पहिलं वर्ष त्याने हसतखेळत पार केलं. डिसेंबरात पाऊस आला, गुरं उंचावर गेली, टाळ्या पडल्या. दुसरं वर्ष लागलं. एप्रिल. मे. पडद्याच्या कोपऱ्यात जून आला, आणि फ्रेडाने रंगवलेली नदी फुगायला लागली. वरून निळ्या रेघांचा पाऊस.

डार्विनहून आलेला एक दुकानदार ओरडला, “बॅरी, दोन वर्षं सांगतोय! हे दुरुस्त कधी करणार?”

लोक हसले. मी बॅरीच्या शेजारी जाऊन उभी राहिले. “ही चूक कुणाची?” मी मोठ्याने विचारलं.

“माझी,” शिरीष हसतच म्हणाला. “मीही महाराष्ट्रातला. जून म्हटलं की पाऊसच आठवतो.”

“तुझी?” फ्रेडा पुढे आली. “सप्टेंबरमध्ये विश्रामची हीच चूक सापडली तेव्हा तू सगळ्यात जास्त हसलास. वर महिनाभर त्याला चिडवत होतास. तूच नवीन गेम लिहिलास तर तीच चूक परत लिहिलीस?”

“आणि लिहायचीच तर दोन्ही वर्षांत लिहिली असतीस,” मी म्हटलं. “पहिल्या वर्षीचा पाऊस तुला आठवला, तो तू डिसेंबरात नेलास. विश्रामने प्रत्येक वर्ष वेगळं लिहिलं होतं. दुसऱ्या वर्षीचा पाऊस ऑगस्टच्या कॉपीत होता तसाच राहिला. तू काही लिहिलंच नाहीस, शिरीष. घरी लपवलेली कॉपी काढलीस आणि नाव बदललंस.”

हसणं विरलं होतं. पडद्यावर पाऊस पडतच होता. व्हॅलेंटाइनने गुरं बुडू दिली.

“हे सगळे तर्क झाले,” शिरीष म्हणाला. “डिस्क विश्रामनेच...”

“बॅरी,” मी त्याच्याकडे वळले. “तू आदल्या वर्षीच्याच तारखेला कॅमेरा घेऊन आला होतास. त्या वर्षी दसरा पुढे गेला हे तुला माहीत नव्हतं. ज्याने पूजा मांडली त्याला माहीत होतं. त्याने कुंकवाआधी हळद लावली, आमच्या घरात लावतात तशी. फ्रेडा आणि व्हॅलेंटाइन यांना विश्रामने आठवडाभर आधी सांगितलं होतं की यंदा पूजा नाही, तेव्हा त्यांनी हा देखावा केला नसता. मग उरतो कोण? दसरा कधी ते ज्याला ठाऊक होतं, कुंकवाआधी हळद लावायची सवय ज्याच्या हाताला होती, आणि विश्रामचे काका गेलेत हे ज्याला ठाऊक नव्हतं, कारण तो डार्विनला होता आणि आदल्या संध्याकाळी परतला. ते आपल्याला नंतर कळलं, असं हा माणूस परवा स्वतःच्या तोंडाने मला सांगून बसलाय.”

बॅरीने शिरीषकडे पाहिलं. शिरीष सॉसेजच्या टेबलाकडे पाहत होता.

“शेड त्यालाच मिळणार होती,” तो अगदी हळू, मराठीत म्हणाला. “आवाज माझे होते त्या गेममध्ये. ते कुणी विचारलं नाही.” मग माझ्याकडे पाहून, “तुम्ही कोण आहात?”

“विश्रामची बहीण.”

त्याने हात जोडले. “ताई, मी माफी मागतो. माझी मुलं लहान आहेत.”

“ती मागायची तर त्याच्या घरी जाऊन माग. मी माफ करायला आलेली नाही.”

खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. तीन वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

७

सोमवारी बॅरी स्वतः गाडी चालवत विश्रामच्या दारात गेला. विश्रामने त्याला बराच वेळ बाहेर उभं ठेवलं, हे त्याने मला फोनवर सांगितलं तेव्हा मी टाळी वाजवली. मग चहा दिला म्हणाला. तेवढं मला आवडलं नाही.

तो शेडमध्ये परत गेला, आता प्रमुख म्हणून. ‘रेड डर्ट’च्या नव्या खोक्यावर त्याचं नाव आलं. व्हॅलेंटाइनने विचारलं, दुसऱ्या वर्षीचा पाऊस डिसेंबरात नेऊ का? विश्राम म्हणाला, “राहू दे. त्याच्यामुळेच मी परत आलो.” डार्विनचे लोक अजून फोन करतात.

मी इतिहास नेमाने पूर्ण केला. बॅरीची इच्छा होती की ते प्रकरण दोन ओळींत मिटवावं. मी त्याला वीस पानं दिली, नावानिशी, दोन्ही फोटोंसकट, आणि एक शब्द कापलास तर पुस्तक नाही, असं बजावलं. त्याने कापला नाही. मेलबर्नमध्ये शिरीषला कुणी काम देईना. आता ‘पावडर’ त्याला म्हणायला लागले. शेवटी बिऱ्हाड उचलून तो डार्विनला गेला आणि टीव्ही विकायच्या दुकानात लागला.

पुस्तक छापून आलं ते दसऱ्याच्या तोंडावर. पहिली प्रत घेऊन मी विश्रामकडे गेले. त्याच्या टेबलावर पुन्हा कॉम्प्युटर आला होता. पूजा त्यानेच केली. झाल्यावर मी पिशवीतून आणखी एक प्रत काढून पाटावर ठेवली.

“ही कुणाची?” त्याने विचारलं.

“डार्विनला पाठवायचीय.”

त्याला कळलं. “ताई, पुरे आता.”

“तुला पुरे झालं असेल,” मी म्हटलं.

मी त्या वीस पानांपाशी पुस्तक उघडलं. त्या सकाळच्या फोटोवर आधी हळद लावली, मग कुंकू, भिजवलेल्या अक्षता वाहिल्या, आणि पुस्तक मिटून पार्सल बांधायला घेतलं.